कानाला गेलेला हात

मला त्या कॅमेऱ्याचा राग पहिल्या दिवसापासून आहे आणि तो कमी व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही. लोक म्हणतात, यंत्रावर काय रागवायचं, त्याला काय कळतं. त्याला काही कळत नाही हीच तर माझी तक्रार आहे. ज्या माणसाला काही कळत नाही त्याला आपण चार लोकांत तोंड उघडू देत नाही, आणि इथे न कळणाऱ्या डबीला माझ्या नोकरीबद्दल बोलायचा अधिकार दिलेला होता.

मी स्टाफ बस चालवतो. सकाळी कल्याणला खडकपाड्यापासून माणसं भरायची, दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडायची, कोनवरून रांजनोली नाका, तिथून महामार्गाने ठाणे आणि घोडबंदर रोडच्या एका काचेच्या ऑफिसात सगळ्यांना उतरवायचं. संध्याकाळी तेच उलटं. बस कंत्राटदाराची, माणसं त्या ऑफिसची, आणि मी दोघांच्या मध्ये. घर शहाडला. वडील कल्याणच्या बाजारातून भुसार मालाचा ट्रक चालवायचे, त्यामुळे स्टिअरिंग आमच्या घरात माझ्या आधीपासून आहे.

ज्या दिवशी डबी बसली त्या दिवशी आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना यार्डात गोळा करून वडापाव दिले. फुकटचा वडापाव दिसला की समजावं, काहीतरी गळ्यात मारणार आहेत. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता. गळ्यात पट्टा, पायात पांढरेशुभ्र बूट, यार्डातल्या ऑइलच्या डागांवरून उड्या मारत चालत होता. त्याने सांगितलं की ऑफिसचं धोरण आहे, त्यांची माणसं नेणाऱ्या प्रत्येक गाडीत हा डोळा पाहिजे, नाहीतर कंत्राट रद्द. सरकारचा नियमही कधीतरी येणारच, मग आधीच लावलेला बरा. लग्न ठरायच्या आत वरात दारात आलेली.

डोळे दोन होते. एक काचेतून बाहेर रस्त्याकडे बघणारा, दुसरा आत माझ्या तोंडाकडे बघणारा. ड्रायव्हरला झोप आली, ड्रायव्हरने फोन घेतला, ड्रायव्हर इकडेतिकडे बघायला लागला, की आतला डोळा ते ओळखणार, ओरडणार आणि वर कळवणार.

"वर म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"सिस्टीममध्ये, काका."

"आणि सिस्टीमचं चुकलं तर?"

"मग माणूस चेक करतो ना. पॉलिसीतच आहे तसं. शेवटचा निर्णय कायम माणसाचा."

"हा माणूस बसतो कुठे?"

तो म्हणाला, मोठी टीम आहे, दुसऱ्या शहरात. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचा कार्यक्रम. ज्याने दुर्गाडीचा पूल कधी पाहिला नाही, कोनला सकाळी कंटेनर कसे आडवे येतात ते पाहिलं नाही, तो फोटो बघून ठरवणार की मी गाडी कशी चालवतो. मी एवढंच म्हणालो, "बरं." मी 'बरं' म्हणतो तेव्हा बरं अजिबात नसतं, हे घरच्यांना माहीत आहे, त्या माणसाला कुठून माहीत असणार.

आम्ही त्या डबीचं नाव काण्या ठेवलं. डोळे दोन असूनही काण्या, कारण बाहेरचा डोळा काहीच बोलायचा नाही. समोरून रिक्षा उलटी येवो, गुरं बसलेली असोत, रस्ता खचलेला असो, तो गप्प. आतला मात्र बोलभांड. आणि बोलायचा तोही हिंदीत, एका बाईच्या आवाजात, शाळेत बाई छडी आपटताना बोलतात तसा.

पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला दुर्गाडीच्या पुलावर. आता हे जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दुर्गाडीच्या किल्ल्यावर देवी आहे. पुलावर गाडी चढली की कल्याणच्या माणसाचा हात आपोआप उठतो. बाइकवाल्याचा उठतो, टेम्पोवाल्याचा उठतो. माझा उजवा हात स्टिअरिंग सोडतो, आधी छातीला लागतो, मग कपाळाला आणि शेवटी कानाच्या पाळीला. ही वडिलांची पद्धत. ते म्हणायचे, छातीला हात म्हणजे नमस्कार, कानाला हात म्हणजे काल जे काही चुकलंमाकलं असेल त्याची माफी. मी काही फार देवभोळा नाही. उपास धरत नाही, नवस बोलत नाही. पण हात उठतो. लहानपणी ट्रकच्या केबिनमध्ये वडिलांच्या शेजारी बसून तो उठायला शिकला, त्याला आता कोण थांबवणार?

तर त्या दिवशी हात कानाला लागला आणि छतातून आवाज आला, "कृपया गाड़ी चलाते समय फ़ोन का प्रयोग न करें!" मागे सगळी बस भरलेली. ज्यांच्या कानात गाण्यांची बोंडं होती त्यांनीही ती काढली. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी कानाला हात लावलेला तसाच. माझा फोन तेव्हा डबा ठेवतो त्या पिशवीत, सीटच्या मागे, होता.

"काका, प्लीज फोन नको ना," पहिल्या सीटवरची एक मुलगी म्हणाली. रोज 'गुड मॉर्निंग काका' म्हणणारी. तिने ते चिडून म्हटलं नाही, समजूत घातल्यासारखं म्हटलं, आणि मला तेच जास्त लागलं. "अगं, नमस्कार केला," मी म्हणालो. ती "हो, हो" म्हणाली. विश्वास बसला नव्हता. मशीन खोटं कशाला बोलेल?

नियम असा होता: फोनची पहिली खूण म्हणजे समज, दुसरी म्हणजे ट्रेनिंग, तिसरी म्हणजे ठाण्याच्या ऑफिसात समितीपुढे हजर व्हायचं, आणि ती सांगेल तर बस सोडायची. हा नियम मी चांगला पाठ केला, कारण बस सोडणं मला परवडणारं नव्हतं. पगाराबद्दल बोलत नाही. मला तोच रस्ता हवा होता. का, ते पुढे सांगतो.

आमचा सुपरवायझर माझ्याच वयाचा. पूर्वी माझ्यासारखाच ड्रायव्हर होता, मग गुडघे गेले म्हणून खुर्चीवर बसवला. मी त्याला सांगितलं, नमस्कार होता. तो म्हणाला, "अरे मला माहितीये. मी पण करायचो. पण सिस्टीममध्ये 'नमस्कार' असा ऑप्शनच नाय. फोन, सिगारेट, खाणं, झोप, इकडेतिकडे बघणं. ह्यातलं काय ते सांग."

"आणि तो चेक करणारा माणूस?"

"त्याने चेक केलं ना. त्याला पण फोनच वाटला."

दुसरी खूणही दुर्गाडीलाच झाली, कारण हात काही महिनाभरात सवय सोडत नाही. मग ट्रेनिंग. एका हॉलमध्ये बसवून परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ दाखवले. रिकामे रस्ते, पट्टे आखलेले, माणूस नाही, कुत्रं नाही. पांढऱ्या बुटांचा तो माणूस तिथेही होता. म्हणाला, आणखी काही वर्षांत गाड्या आपल्या आपणच चालतील, काकांना मग आराम. आराम! माझ्या पोटावर पाय देऊन वर मला आराम. मी म्हणालो, "आणा ना ती गाडी. कोनला आणा, सकाळची. ती आधी रस्ता कुठाय ते विचारेल." सगळे हसले, तोही हसला, आणि पुढची स्लाइड लावली. अशा माणसांना लागत काही नाही. त्यांना उत्तर द्यायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माझ्याबरोबर एक ड्रायव्हर आहे, मूळचा माजिवड्याच्या जुन्या वस्तीतला ख्रिश्चन. सासुरवाडी कल्याणची म्हणून इकडेच राहायला आला, आम्ही त्याला घरजावई म्हणून चिडवतो. तोही चर्चवरून जाताना हात उचलतो, कपाळ, छाती, दोन खांदे. काण्याने त्याला फोनसाठी कधी धरलं नाही. फार तर 'हात स्टिअरिंगवर ठेवा' एवढंच. मी म्हणालो, "तुमचा देव कानापर्यंत जात नाय, म्हणून वाचलास."

"मग तू डाव्या हाताने कर ना," तो म्हणाला. "कॅमेरा उजव्या बाजूला आहे."

"डाव्या हाताने? देवीला?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने दोन्ही हात जोडले.

मग मी हात दाबून धरायला लागलो. पूल आला की स्टिअरिंग घट्ट पकडायचो आणि नुसती मान झुकवून डोळे क्षणभर मिटायचो. तर काण्या ओरडला, "आपको नींद आ रही है! कृपया विश्राम करें!" मागे एक जण फस्सकन हसला. त्या दिवशी मला हातोडा घेऊन त्या डबीचा भुगा करावासा वाटला होता, हे इथे लिहून ठेवतो.

ही बातमी कुठूनशी आमच्या भागातल्या एका भाऊंपर्यंत पोचली. भाऊ म्हणजे ज्यांच्या वाढदिवसाचे बॅनर त्यांच्या वयापेक्षा जास्त असतात असे. ते पोरं घेऊन यार्डात आले, फोन सुरू करून माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "बोला काका, देवीला हात जोडायला बंदी घातली ना यांनी? बिनधास्त बोला." मी म्हणालो, बंदी कुणी घातलेली नाही, मशीनला कळत नाही, आणि तो आमचा घरजावई हात उचलतो त्यालाही ते ओरडतं. भाऊंना तो ख्रिश्चन नको होता. त्यांना फक्त देवी हवी होती, तीही तेवढ्या व्हिडिओपुरती. मी गाडीखाली शिरलो आणि ऑइल बघत बसलो ते त्यांची गाडी जाईपर्यंत बाहेर आलोच नाही. एकीकडे मला चोर ठरवणारे, दुसरीकडे मला झेंडा करणारे. दोघांनाही मी काय म्हणतोय ते ऐकायचं नव्हतं.

शेवटी देवीशी मीच तडजोड केली. सकाळी यार्डातून निघायच्या आधी, गाडी बंद असताना, किल्ल्याच्या दिशेला तोंड करून हात छातीला, कपाळाला, कानाला. देवी समजून घेते. हळूहळू पुलावर हात उठेनासा झाला. मला वाटलं, सुटलो.

पण तिसरी खूण आली, आणि ती पुलावर आलीच नाही.

ठाण्याहून कल्याणकडे येताना, रांजनोलीच्या अलीकडे महामार्गावर एक पूल उतरतो. त्या उताराला माझी मुलगी गेली. ती ठाण्याला एका लॅबमध्ये कामाला होती, स्कूटरने जायची-यायची. श्रावणातली संध्याकाळ, उताराच्या पायथ्याशी पाण्याने भरलेला खड्डा, मागून येणारा ट्रक. एवढंच. याहून जास्त मला लिहायचं नाही.

जे लिहायचं आहे ते वेगळं आहे. त्या वेळी तिच्या आईने तिला फोन केला होता, उशीर झाला म्हणून. फोन स्कूटरच्या डिकीत होता. तो तिथेच वाजला, कुणी उचलला नाही. पण फोनमध्ये त्या वेळचा कॉल दिसला, आणि पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं की मोबाईलवर बोलत असताना तोल जाऊन. खड्डा कागदावर आलाच नाही. मी खेटे घातले. वरचा रस्ता एका खात्याचा, खालचा दुसऱ्या खात्याचा, पूल कुणाचा ते अजून ठरायचं होतं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. त्यांच्या त्या हातांचा फोटो कुठल्या यंत्राने काढला नाही. पुढे काही महिन्यांनी तो खड्डा बुजवला, वर नवं डांबर घातलं. आता कुणाला दाखवायला गेलं तर तिथे काही नाही.

तेव्हापासून आमच्या घरात फोन हा शब्द जपून बोलला जातो. बायको कुणालाही स्वतःहून फोन करत नाही. तिला मी हजारदा सांगितलं की पोरीने फोन घेतलाच नव्हता, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. ती मान हलवते. कागदावर मात्र दुसरंच आहे, आणि कागदापुढे नवऱ्याचं बोलणं किती टिकणार?

म्हणून मी हा रस्ता सोडत नव्हतो. रोज संध्याकाळी तो उतार आला की माझा हात उठायचा; अंधारात काण्याला तो इतके दिवस दिसला नव्हता, त्या दिवशी दिसला. पोरगी काही देव नव्हती, चांगली भांडखोर होती, माझ्यावरच गेली होती. पण हाताला एकच वाट ठाऊक आहे, छाती, कपाळ, कान. देवीच्या वेळी मी त्याला आवरू शकलो. इथे आवरायचं माझ्या मनातही आलं नाही.

सुपरवायझरने बोलावून घेतलं. "अरे, दुर्गाडीचं मी समजू शकतो. पण हे कुठलंय? मी मॅपवर बघितलं, तिथे देऊळ नाय, दर्गा नाय, काही नाय. आता काय सांगायचं?"

पोरगी गेल्याचं यार्डात सगळ्यांना माहीत होतं, जागा माहीत नव्हती. ती जागा मी यार्डात कुणालाच सांगितली नव्हती.

"हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "समितीत जाऊन सरळ सांग, फोन घेतलेला, चूक झाली. तू पाया पडल्यासारखं कर, मी पण शब्द टाकतो. ताकीद देऊन सोडतील. ह्यांना तेच आवडतं."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तीही म्हणेल, सांगून टाका चूक झाली, नोकरी सांभाळा. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली.

"अहो, तुमच्या हातात फोन होता का?"

"नाही गं."

"मग फोन नव्हता असंच सांगा त्यांना. जागा कुठली ती पण सांगा." तिचा आवाज चढला. तिचा आवाज एरवी चढत नाही. "एका माणसाचं खोटं लिहून झालंय ह्या घरातलं. दुसऱ्याचं तरी खरं लिहून घ्या."

ठाण्याच्या त्या ऑफिसात इतकी वर्षं मी दारापर्यंत माणसं सोडली, पण आत कधी गेलो नव्हतो. आत थंडी होती, स्वेटर घालावा अशी. टेबलाच्या पलीकडे ऑफिसच्या सेफ्टीच्या मॅडम, पांढऱ्या बुटांचा तो माणूस लॅपटॉप उघडून आणि आमचा सुपरवायझर, मान खाली. भिंतीवर मोठ्या पडद्यावर माझा फोटो. कानाला हात, डोळे अर्धे मिटलेले. स्वतःचा तसला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तो त्या लोकांनी बघावा असा नव्हताच.

"काका, घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "आम्ही कुणाला पकडायला नाही बसलेलो. फक्त खरं काय ते सांगा."

"फोन नव्हता."

"पण लोकेशनला काहीच नाहीये," बूटवाला म्हणाला. "आधीच्या दोन केसेसमध्ये टेंपल होतं, ते आम्ही नोट केलंय. आता तो ऑप्शन पण ॲड करतोय, रिलिजिअस म्हणून. पण इथे तर काही नाहीये."

रिलिजिअस. म्हणजे कुठला ड्रायव्हर कुठल्या देवाला किती वेळा हात करतो त्याचीही आता यादी होणार. माझ्या तक्रारीतून एवढंच निघालं.

"इथे माझी मुलगी गेली," मी म्हणालो.

मग सांगितलं. उतार, पाणी, डिकीतला फोन, कागद. जेवढं सांगवलं तेवढं सांगितलं. सुपरवायझरने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिला. बूटवाल्याची बोटं कीबोर्डवर थांबली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. ते खोटं असतं तर मला बरं पडलं असतं, मग मी त्यांना नीट शिव्या घालू शकलो असतो.

"मला एक विचारायचंय," मी बूटवाल्याला म्हणालो. "तो दुसरा डोळा. बाहेर बघणारा. तो रोज त्या रस्त्यावरून जातो. त्याने कधी एक तरी खड्डा कळवला?"

"डिटेक्शन आहे ना त्यात," तो म्हणाला. "पॉटहोल मॉड्यूल आहे. पण क्लायंटने घेतलेलं नाहीये ते." मग मॅडमकडे बघून, "नियमात तसं मॅन्डेटरी नाहीये."

मी त्या खोलीत ओरडलो. काय ओरडलो ते शब्द आठवत नाहीत, पण रस्त्याला डोळा कोण लावणार, असं काहीतरी होतं. बाहेरचा सिक्युरिटीवाला दार उघडून डोकावला. मॅडमनी त्याला हाताने जायला सांगितलं, मला पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी पिऊन होईपर्यंत थांबल्या.

"काका, तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "फोन काढून टाका तिथून," हे बूटवाल्याला. त्याने टकटक केलं आणि पडद्यावरचा फोनचा शब्द गेला. मला एकदम सैल वाटलं. बायकोला सांगायला काहीतरी मिळालं.

"पण मग," मॅडम पुढे म्हणाल्या, अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तसं, "तुम्हाला आम्ही त्या रस्त्यावर नाही ठेवू शकत. रोज त्या जागेवरून जाताना तुमची जी अवस्था होते... मागे चाळीस लोक असतात काका. आम्हाला आता माहीत झालंय, आणि माहीत झाल्यावर आम्ही काही केलं नाही तर ते पॉलिसीच्या बाहेर जाईल. आम्ही तुम्हाला जवळचा, हलका रूट देतो. आमचे काउन्सेलर पण आहेत, त्यांच्याशी बोला."

"मी त्या जागेवर गाडी सावकाश घेतो," मी म्हणालो. "सगळ्यात सावकाश तिथेच घेतो. बघा ना तुमच्या यंत्रात."

"मला माहितीये, काका."

"आणि फोन घेतला असता तर?"

त्याचं उत्तर सुपरवायझरने बाहेर आल्यावर, लिफ्टपाशी दिलं. "तर ताकीद देऊन सोडलं असतं. सोमवारी गाडीवर असतास." त्याने लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. "मला सांगायचंस ना रे. जागा सांगायचीस ना मला." मी त्याला काय सांगणार होतो. त्याच्याकडेही तसला ऑप्शन नव्हता.

घरी बायको दारातच उभी होती. "लिहिलं?" तिने विचारलं.

"लिहिलं. फोन नव्हता म्हणून लिहिलं."

ती पायरीवरच बसली, पदर तोंडाला लावून. पोरगी गेली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने उठली आणि तिने कुकर लावला. रस्ता गेल्याचं मी तिला त्या दिवशी सांगितलंच नाही. तिने मिळवलेलं काहीतरी एक दिवस तरी तिच्याकडे राहू दे म्हणून. दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग तिथे कोण थांबणार आता?"

आता मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामगारांची छोटी बस नेतो. जवळचा रूट, हलका रूट. काण्या इथेही आहे. माझ्याबद्दल त्याची काही तक्रार नाही, माझा हात कुठेच उठत नाही. काउन्सेलरचा फोन येतो, मी उचलत नाही.

माझी मोठी बस घरजावयाला मिळाली. चावी घेताना तो माझ्याकडे बघत नव्हता. माझी गाडी हिसकावल्यासारखं त्याला वाटत होतं, मी का उतरलो ते त्याला कुणी धड सांगितलं नव्हतं. मी त्याला दुसरा गिअर कुठे अडकतो ते दाखवलं, वायपर कसा मारून सुरू करायचा ते दाखवलं, आणि म्हणालो, "रांजनोलीजवळच्या पुलाच्या उताराला जरा हळू घे."

"का रे? खड्डा आहे?"

"आहे."

पुढच्या संध्याकाळी तो यार्डात भेटला. "घेतली हळू," म्हणाला. "जाताना पण, येताना पण. पण तिथे खड्डाबिड्डा काय नाय रे. मस्त डांबर आहे."

"आहे," मी म्हणालो. "उद्या पण हळू घे."

पुसायचं फडकं त्याच्या हातात होतं, ते त्याने बॉनेटवर ठेवलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"जाताना की येताना?" त्याने विचारलं.

"येताना," मी म्हणालो.